प्रवेशपरवाना व पूरक कागदपत्रे

प्रवेशपरवाना व पूरक कागदपत्रे : परकीय व्यक्तीस आपल्या प्रदेशात येण्यासाठी एखाद्या राष्ट्राने आगाऊ दिलेल्या संमतीस प्रवेशपरवाना (व्हिसा) असे म्हणतात. पारपत्र (पासपोर्ट) प्रवाशाच्या स्वतःच्या राष्ट्राकडून मिळते व त्यावरून त्याची ओळख आणि राष्ट्रीयत्व सिद्ध होते. प्रवेशपरवाना मात्र यजमान राष्ट्राच्या इच्छेवर अवलंबून असतो. ‘व्हिसा’ हा शब्द ‘पाहिलेला कागद’ या अर्थाच्या लॅटिन शब्दप्रयोगावरून आला असून, अधिकाऱ्याने पारपत्र पाहिल्याचा शेरा एवढाच त्याचा मूळ अर्थ होता. पुढे या शेऱ्यापूर्वी चौकशी होऊ लागली आणि चौकशीसाठी कागद मागण्यात येऊ लागले. पर्यटन, आप्तांची भेट, समारंभ, परिषद, वैद्यकीय उपचार इ. कारणांनी अल्पकाळ जाणाऱ्या अभ्यागतास आपला हेतू, राहण्याची सोय, खर्चाची ऐपत आणि मुदतीत परत येण्याची निष्ठा यांबद्दल अर्जासोबत जो पुरावा सादर करावा लागतो, त्यास पूरक कागदपत्रे अशी संज्ञा आहे. प्रवेशपरवाना हातात असला, तरी प्रत्यक्ष प्रवेशाचा अंतिम निर्णय बहुतेक राष्ट्रांत सीमेवरील अधिकारी घेतो.

प्राचीन व मध्ययुगीन पूर्वपीठिका : संमतीवाचून प्रवास करू न देण्याची कल्पना जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष या अधिकाऱ्याची कर्तव्ये सांगितली आहेत. एक माषक घेऊन तो प्रवाशास मुद्रा देई आणि मुद्रा असणाऱ्यासच जनपदात येता वा जनपदाबाहेर जाता येई. मुद्रेवाचून जाणाऱ्या जनपदवासीयास १२ पण दंड सांगितला असून, बनावट मुद्रा वापरणाऱ्यास त्याहून मोठा व परक्या जनपदातील माणसास सर्वांत मोठा दंड विहित केला आहे. मुद्रा तपासण्याचे काम विवीताध्यक्षाकडे होते. मोगल व मराठा अमदानींत दस्तक, राहदारी, परवाना या नावांची पत्रे प्रचलित होती. ती दाखविली, म्हणजे चौकीवर अडथळा होत नसे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी अरबी समुद्रातील जहाजांवर ‘कार्ताझ’ नावाच्या परवान्याची सक्ती केली. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात कान्होजी आंग्रे यांनीही कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपले दस्तक घ्यावे, असा आग्रह धरला. या सर्व पत्रांत प्रवासी कोण, कोठून कोठे जाणार व कोणाच्या आश्रयाने, एवढेच पाहिले जाई. तो परत जाईल की नाही, हा प्रश्न त्यांत नव्हता. आधुनिक पूरक कागदपत्रांचा उगम या नव्या प्रश्नातून झाला.

एकोणिसावे शतक : फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ मध्ये, प्रवासपत्रांची सक्ती पुन्हा करण्यात आली आणि नेपोलियनच्या युद्धांमुळे ती यूरोपभर पसरली. लोहमार्गांचा विस्तार झाल्यावर मात्र वाढत्या प्रवाशांचे कागद तपासणे अशक्य होऊ लागले. उत्तर जर्मन संघाने १८६७ च्या कायद्याने पारपत्राची सक्ती काढून टाकली. शतकाच्या उत्तरार्धात पश्चिम यूरोपातील बहुतेक देशांत व अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) सामान्य प्रवाशास पारपत्रावाचून प्रवेश मिळे. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये कलकत्त्याहून निघून वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यांच्या पदवीदान समारंभास उपस्थित राहण्यासाठी इंग्लंडमध्ये असलेल्या पंडिता रमाबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियास गेल्या. आप्ताच्या पदवीदानास जाणे हे आज अभ्यागत-परवान्याच्या अर्जात नेहमी आढळणारे कारण आहे. आज त्यासाठी विद्यापीठाचे निमंत्रण, नातेसंबंधाचा दाखला आणि अधिकोषाचे (बँकेचे) उतारे जोडावे लागतात. रमाबाईंच्या वेळी अमेरिकी वकिलातीची पूर्वसंमती मिळविण्याचा प्रश्नच उद्‌भवला नव्हता.

परंतु ही मोकळीक सर्वांना नव्हती. अ. सं. सं.ने १८८२ मध्ये चिनी मजुरांच्या प्रवेशास बंदी करणारा कायदा केला. व्यापारी, विद्यार्थी, अध्यापक व प्रवासी यांना त्यातून वगळले होते. पण आपण मजूर नाही, हे त्यांना कागदाने सिद्ध करावे लागे. ५ जुलै १८८४ च्या दुरुस्तीने त्या कागदातील तपशील ठरवून दिला. नाव, वय, उंची, शरीरावरील खुणा, पूर्वीचा व सध्याचा व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण ही माहिती त्यात आवश्यक होती. केवळ कुतूहलापोटी प्रवास करणाऱ्याच्या बाबतीत तो देशातून केवळ पुढे जाणार आहे की तेथे फिरणार आहे, तसेच स्वदेशात त्याची आर्थिक स्थिती कशी आहे, हेही नमूद करणे भाग होते. त्या प्रमाणपत्रावर अमेरिकी वकील किंवा वाणिज्यदूत यांनी शेरा मारावयाचा आणि तत्पूर्वी त्यातील विधानांची सत्यता तपासावयाची, असा नियम होता. हेतू, प्रवासाचा आराखडा, आर्थिक ऐपत आणि प्रवासापूर्वीच परदेशी वकिलातीकडून होणारी पडताळणी ही आधुनिक अभ्यागत-अर्जाची चारही अंगे या एका तरतुदीत एकत्र आलेली दिसतात. एका विशिष्ट वंशाच्या लोकांना अडविण्यासाठी जी पद्धत निर्माण झाली, तिचाच आराखडा पुढे सर्वसाधारण प्रवाशांच्या तपासणीत उतरला.

या पद्धतीचे दोषही लवकरच उघड झाले. १९०६ च्या भूकंपात व त्यानंतरच्या आगीत सॅन फ्रॅन्सिस्को येथील जन्मनोंदी नष्ट झाल्या. त्यानंतर अनेक चिनी रहिवाशांनी आपण अमेरिकेत जन्मलेले नागरिक असल्याचा दावा केला. त्यांचे पुत्र म्हणून नाते नसलेल्या तरुणांनाही कागदोपत्री आणण्यात येऊ लागले. त्यांना ‘कागदी पुत्र’ म्हणत. केवळ कागदावर विश्वास न उरल्याने एंजेल बेटावरील तपासणी केंद्रात (१९१०—४०) गावातील घरे, दारांची दिशा, शेजाऱ्यांची नावे यांविषयी दीर्घ उलटतपासणी होई. खोटे दावे करणारे उत्तरे पाठ करून येत आणि खरा पुत्रही एखाद्या चुकीच्या उत्तराने परत पाठविला जाई. कागद जितका निर्णायक, तितका तो बनावट करण्याचा मोह मोठा आणि तितकाच खऱ्या अर्जदारावरील संशयही मोठा, हा अनुभव पुढे सर्वच देशांना आला. चिनी लोकांवरील बंदीचे कायदे १९४३ मध्ये रद्द झाले.

ब्रिटिश साम्राज्य व भारतीय प्रवासी : ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन म्हणून भारतीयांना साम्राज्यात सर्वत्र संचार करता येईल, अशी समजूत होती, वसाहतींनी ती खोटी ठरविली. नाताळच्या १८९७ च्या कायद्याने प्रवेशेच्छूस यूरोपीय भाषेत अर्ज लिहिता आला पाहिजे, अशी अट घातली. वंशाचा उल्लेख न करता वंशावर बंधन घालण्याची ही युक्ती होती आणि इतर वसाहतींनी तिचे अनुकरण केले. अटी पूर्ण न करणाऱ्यास थोड्या दिवसांपुरते येण्यासाठी अनामत रक्कम ठेवून अभ्यागताचा परवाना घ्यावा लागे. ट्रान्सव्हालमध्ये आशियाई रहिवाशांवर बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती झाली. तिच्याविरुद्धच्या लढ्यात म. गांधींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहॅनिसबर्ग येथे नोंदणीपत्रांची होळी करण्यात आली.

कॅनडाने १९०८ मध्ये दोन अटी घातल्या. पहिली, प्रवाशाने जन्मदेशातून किंवा नागरिकत्वाच्या देशातून सलग प्रवास करून व तेथेच काढलेल्या तिकिटावर आले पाहिजे. दुसरी, आशियाई प्रवाशाजवळ २०० डॉलर असले पाहिजेत. भारतातून कॅनडास थेट जाणारी जहाजसेवा नसल्याने पहिली अट पूर्ण करणे अशक्य होते. या अटींना आव्हान देण्यासाठी गुरदित सिंग यांनी कोमागाता मारू हे जपानी जहाज भाड्याने घेतले. ते ३७६ प्रवाशांसह २३ मे १९१४ रोजी व्हँकूव्हर येथे पोहोचले. थोड्या प्रवाशांचा अपवाद वगळता कोणासही उतरू देण्यात आले नाही. दोन महिन्यांनंतर, २३ जुलै रोजी, जहाजास परत फिरावे लागले. २९ सप्टेंबर रोजी कलकत्त्याजवळील बजबज येथे झालेल्या गोळीबारात त्यांपैकी अनेक जण मृत्युमुखी पडले. या घटनेबद्दल कॅनडाच्या पंतप्रधानांनी १८ मे २०१६ रोजी तेथील संसदेत क्षमायाचना केली. तिकीट व खिशातील पैसा या वरवर साध्या वाटणाऱ्या पुराव्यांच्या अटी माणसाचे भवितव्य कसे ठरवितात, याचे हे ठळक उदाहरण होय.

पहिले महायुद्ध व त्यानंतर : हेरगिरीच्या भीतीने १९१४ नंतर बहुतेक राष्ट्रांनी पारपत्र व प्रवेशपरवाना यांची सक्ती केली. अ. सं. सं.ने १९१७ मध्ये परदेशी प्रवाशांसाठी वाणिज्यदूताचा शेरा आवश्यक ठरविला. ही व्यवस्था युद्धापुरतीच आहे, असे सर्वत्र मानले जात होते. राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने ऑक्टोबर १९२० मध्ये पॅरिस येथे भरलेल्या परिषदेने ३२ पृष्ठांच्या एकसारख्या पारपत्राची शिफारस केली, तसेच प्रवेशपरवान्याच्या शुल्कास मर्यादा सुचविली. १९२६ मध्ये जिनीव्हा येथे पुन्हा परिषद झाली. परंतु पूर्वीची मोकळीक परत आली नाही. ज्यांना कोणतेच राष्ट्र पारपत्र देत नव्हते, अशा रशियन निर्वासितांसाठी १९२२ मध्ये ‘नान्सेन पारपत्र’ निर्माण करावे लागले, यावरून कागदाविना माणसाची स्थिती किती अनिश्चित झाली होती, हे ध्यानात येते.

अ. सं. सं.च्या १९२४ च्या कायद्याने परवान्याची तपासणी कायमची परदेशातील वाणिज्यदूतांकडे सोपविली आणि शाबितीचा भार अर्जदारावर टाकला. कायम वास्तव्यासाठी येणारे व तात्पुरते अभ्यागत असा भेदही त्यात स्पष्ट केला होता. १९५२ च्या कायद्याने हा भेद अधिक काटेकोर केला. त्यानुसार अभ्यागताचे स्वदेशात असे निवासस्थान असले पाहिजे, की जे सोडून देण्याचा त्याचा हेतू नाही. त्याच कायद्याच्या कलम २१४ (ब) अन्वये, अर्जदाराने उलट सिद्ध करेपर्यंत तो कायम वास्तव्यासाठीच येत आहे, असे गृहीत धरले जाते. फौजदारी कायद्यात आरोपी निर्दोष असल्याचे गृहीत धरतात. येथे गृहीतक नेमके उलट आहे. मनातील हेतू प्रत्यक्ष दाखविता येत नाही. म्हणून नोकरी, घर, शेती, कुटुंब व पूर्वीचे प्रवास या बाह्य गोष्टींवरून त्याचे अनुमान केले जाते आणि त्यांचे दाखले हीच अर्जाची मुख्य सामग्री ठरते.

भारतातील व्यवस्था : भारतात येणाऱ्यांवर पारपत्राची सक्ती करण्याचा अधिकार शासनास १९२० च्या कायद्याने मिळाला. १९४६ च्या परकीय नागरिक अधिनियमाने त्यांचा प्रवेश व वास्तव्य यांचे नियमन केले. हे दोन्ही कायदे १ सप्टेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या नव्या कायद्याने रद्द झाले. भारतीयांच्या परदेशगमनाविषयी बराच काळ स्वतंत्र कायदा नव्हता. पारपत्र देणे हा शासनाचा विवेकाधिकार समजला जाई. सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये परदेशगमनाचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे ठरविले. त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. मनेका गांधी खटल्यातील १९७८ च्या निर्णयाने हा हक्क काढून घेण्याची कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असावी, असे तत्त्व घालून दिले. मात्र हा हक्क देशाबाहेर जाण्यापुरता आहे. दुसऱ्या देशात प्रवेश मिळण्याचा हक्क त्यातून उत्पन्न होत नाही आणि परदेशी वकिलातीच्या नकारावर भारतीय न्यायालयात दाद मिळत नाही.

फाळणीने या उपखंडातच अभ्यागतांचा एक नवा वर्ग निर्माण केला. पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी भारताने जुलै १९४८ मध्ये परवानापद्धती सुरू केली. पाकिस्ताननेही त्याच वर्षी तिचे अनुकरण केले. १५ ऑक्टोबर १९५२ पासून दोन्ही देशांत पारपत्र व प्रवेशपरवाना लागू झाले. काल एका घरात राहणारे भाऊ आज एकमेकांचे परदेशी अभ्यागत ठरले. कराचीत स्थायिक झालेल्या कोकणी मुसलमानांचे मुंबई, रत्नागिरी व रायगड भागांतील आप्तांशी असलेले संबंधही या कागदांवर अवलंबून राहिले. या परवान्यावर ठराविक शहरांची नावे असत. बहुतेकांस पोहोचल्यावर व निघताना पोलिसांकडे नोंद करावी लागे आणि यजमानाच्या हमीपत्रास महत्त्व असे. कराचीतील भारतीय वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाल्यावर तेथील अर्जदारांना इस्लामाबादवर अवलंबून राहावे लागले. १९७४ व २०१२ च्या करारांनी नियम काहीसे सुकर केले. एप्रिल २०२५ मधील पहलगाम येथील हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानी नागरिकांची परवानासेवा स्थगित केली. याउलट अनेक देशांच्या पर्यटकांना भारताने नोव्हेंबर २०१४ पासून संगणकीय परवान्याची सोय उपलब्ध केली. परवान्यासाठी किती कागद मागावयाचे, हे अर्जदाराच्या गुणदोषांपेक्षा दोन राष्ट्रांच्या संबंधांवर अधिक अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

ग्रेट ब्रिटन : राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून भारतीयांना १९६२ पर्यंत ब्रिटनमध्ये निर्बंधाविना प्रवेश होता. १९६२ च्या कायद्याने तो संपुष्टात आणला. तथापि अभ्यागतास आगाऊ परवाना घेण्याची सक्ती नव्हती व त्याच्या कागदांची तपासणी विमानतळावर होई. १९८६ मध्ये भारत, पाकिस्तान, बांगला देश, नायजेरिया व घाना या पाच देशांच्या नागरिकांस अभ्यागत म्हणूनही आगाऊ परवाना आवश्यक करण्यात आला. १९८७ मध्ये कागदांविना प्रवासी आणणाऱ्या विमानकंपन्यांना दंड करणारा कायदा झाला. अशा रीतीने सीमा प्रत्यक्षात विमानतळावरून मुंबई व दिल्ली येथील वकिलातींच्या खिडकीपर्यंत सरकली.

नाकारलेल्या अर्जदारास दाद मागता यावी की नाही, याबाबत ब्रिटनचे धोरण अनेकदा बदलले. अभ्यागतांचा अपिलाचा हक्क १९९३ च्या कायद्याने काढून घेण्यात आला. नातलगांच्या भेटीस येणाऱ्यांना तो १९९९ च्या कायद्यान्वये परत मिळाला व २०१३ मध्ये पुन्हा गेला. त्यानंतर नव्याने अर्ज करणे हाच सर्वसाधारण मार्ग उरला. मानवी हक्कांचा मुद्दा किंवा न्यायालयीन पुनर्विलोकन यांची वाट अपवादात्मक राहिली. परिणामी पहिल्याच अर्जासोबत परिपूर्ण कागद जोडण्याचे महत्त्व वाढले, कारण राहून गेलेली गोष्ट नंतर न्यायाधिकरणापुढे समजावून सांगण्याची संधी सामान्यतः उरली नाही.

शेंगेन देश : लक्झेंबर्गमधील शेंगेन या गावी १९८५ मध्ये झालेल्या करारानुसार व १९९० च्या अंमलबजावणी करारानुसार १९९५ पासून यूरोपातील काही देशांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी थांबविली व अल्पमुदतीचा समान परवाना सुरू केला. २००९ मध्ये संमत झालेल्या व एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या परवाना संहितेने पूरक कागदपत्रांची व्यवस्था प्रथमच सुसूत्र केली. प्रवासाचा हेतू, निवासाची सोय, निर्वाहाची साधने आणि परत जाण्याच्या हेतूचे अनुमान करता येईल अशी माहिती, असे कागदांचे चार वर्ग तिच्या चौदाव्या अनुच्छेदात आहेत. त्यांखेरीज किमान ३०,००० यूरोंच्या वैद्यकीय विम्याची अट आहे. पारपत्र गेल्या दहा वर्षांत दिलेले, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि किमान दोन कोरी पाने असलेले असावे लागते. नकाराची कारणे ठराविक नमुन्यात लेखी द्यावी लागतात व अपिलाचा हक्कही आहे. यूरोपीय संघाच्या न्यायालयाने कौश्काकी खटल्यात (२०१३) संहितेत नमूद नसलेल्या कारणावरून अर्ज नाकारता येणार नाही, असे ठरविले. मात्र वस्तुस्थितीचे मूल्यमापन करण्याबाबत अधिकाऱ्यास विस्तृत वाव असल्याचेही मान्य केले.

कागदपत्रांचे स्वरूप व मूल्यमापन : निरनिराळ्या देशांच्या याद्या वेगळ्या असल्या, तरी त्यांमागील प्रश्न समान आहेत. ओळखीसाठी पारपत्र, जुनी पारपत्रे व छायाचित्र लागते. हेतूसाठी निमंत्रणपत्र, समारंभाची वा परिषदेची पत्रिका आणि प्रवासाचा दिनक्रम देतात. यजमानाकडे राहावयाचे असल्यास त्याचे पत्र, त्याच्या वास्तव्याचा कायदेशीर दाखला व नातेसंबंधाचा पुरावा आवश्यक ठरतो. ऐपतीसाठी अधिकोषाचे उतारे, पगारपत्रके, आयकर विवरणपत्र किंवा निवृत्तिवेतनाचा आदेश जोडतात. खर्च दुसरा कोणी करणार असल्यास त्याचे हमीपत्र व त्याच्या उत्पन्नाचे कागद लागतात. परतीच्या हेतूसाठी रजेचा मंजुरी आदेश, व्यवसायाचा नोंदणी दाखला, घर वा जमीन यांचे उतारे आणि मागे राहणाऱ्या कुटुंबीयांची माहिती उपयोगी पडते.

कागदांच्या संख्येपेक्षा त्यांतील परस्परसंगतीस अधिक महत्त्व असते. अर्जातील उत्पन्न, विवरणपत्रातील उत्पन्न व खात्यातील जमा यांचा मेळ बसला पाहिजे. अर्जाच्या आधी काही दिवस खात्यात आलेली मोठी रक्कम, तिचा उगम स्पष्ट नसल्यास, अर्जदारास साहाय्यक होण्याऐवजी बाधक ठरते. अमेरिकी पद्धतीत कागदांपेक्षा मुलाखतीवर भर असून, ऑगस्ट २००३ पासून बहुतेक अर्जदारांना ती सक्तीची झाली. ब्रिटन व शेंगेन देशांच्या पद्धतीत बव्हंशी कागदांवरच निर्णय होतो, त्यामुळे स्पष्टीकरणाचे एक पत्र सोबत जोडणे हितावह असते. खोटा कागद किंवा जाणूनबुजून केलेले खोटे विधान यांचा परिणाम एका नकारापुरता राहत नाही, अ. सं. सं.च्या कायद्यानुसार त्यामुळे कायमची अपात्रता येऊ शकते व ब्रिटनच्या नियमांत दहा वर्षांपर्यंतच्या बंदीची तरतूद आहे.

महाराष्ट्रातील अर्जदारांच्या अडचणी : या याद्या पगारदार, करदात्या व एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या नागरिकास समोर ठेवून तयार झाल्या आहेत. महाराष्ट्रातील अनेक अर्जदार, विशेषतः परदेशी असलेल्या मुलांकडे जाणारे वृद्ध आईवडील, या चौकटीत सहज बसत नाहीत. शेतीचे उत्पन्न आयकरातून वगळलेले असल्यामुळे केवळ शेती करणाऱ्याजवळ विवरणपत्र असतेच असे नाही. सात-बारा उतारा, आठ-अ चा उतारा व बाजार समितीतील विक्रीच्या पावत्या हाच त्याचा पुरावा असतो आणि त्याचा अर्थ परदेशी अधिकाऱ्यास भाषांतर व स्पष्टीकरण यांवाचून कळत नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा केंद्रीय कायदा १९६९ चा असल्याने जुन्या पिढीतील पुष्कळांजवळ जन्मदाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला असतो व शाळेत घालताना अंदाजाने लिहिलेली जन्मतारीख हीच कागदोपत्री तारीख होऊन बसते.

स्त्रियांच्या बाबतीत नावाचा प्रश्न अधिक बिकट आहे. विवाहानंतर आडनाव व मधले नाव, आणि काही कुटुंबांत पहिले नावही, बदलण्याची रूढी असल्यामुळे शाळेचा दाखला, विवाहनोंदणी, शिधापत्रिका व पारपत्र यांवर एकाच स्त्रीची तीन-चार नावे आढळतात. मुलाच्या जन्मदाखल्यावरील आईचे नाव व तिच्या पारपत्रावरील नाव जुळले नाही, तर ती त्याची आई असल्याचेच सिद्ध करावे लागते. अशा वेळी राजपत्रातील नावबदलाची नोंद, विवाहाचा दाखला व प्रतिज्ञापत्र यांचा आधार घेतात. घर व खाते पतीच्या वा मुलाच्या नावावर असल्याने विधवेस स्वतःची ऐपत व स्वदेशाशी असलेले बंध दाखविणे विशेष अवघड जाते. वस्तुतः परत येण्याची तिची ओढ कोणाहूनही कमी नसते. तिचा पुरावा देणारा कागद तेवढा तिच्याजवळ नसतो.

गोव्यात याउलट अनुभव येतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांना व त्यांच्या वंशजांना पोर्तुगीज राजवटीतील जन्मनोंदींच्या आधारे लिस्बन येथे नोंद करून पोर्तुगालचे नागरिकत्व मिळविता येते. या मार्गाने अनेक गोमंतकीय यूरोपात गेले. मात्र ते नागरिकत्व स्वीकारताच १९५५ च्या कायद्यानुसार भारतीय नागरिकत्व संपते आणि मूळ गावी येतानाही परदेशी नागरिकाचे नियम लागू होतात.

न्यायिक नियंत्रण व मूल्यमापन : नकारावर स्वतंत्र देखरेख असावी की नाही, हा या विषयातील मूलभूत प्रश्न आहे. बेल्जियन अर्थशास्त्रज्ञ एर्नेस्ट मांडेल यांना व्याख्यानांसाठी प्रवेश नाकारल्याच्या प्रकरणी अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये असे ठरविले, की सकृद्दर्शनी वैध व प्रामाणिक कारण दिलेले असल्यास न्यायालय त्यापलीकडे जाणार नाही. २०२४ मध्ये म्यून्योस खटल्यात त्याच न्यायालयाने, परदेशी पती वा पत्नीस देशात प्रवेश मिळावा, असा अमेरिकी नागरिकास मूलभूत हक्क नाही, असे म्हटले. आपल्या भूमीवर कोणास येऊ द्यावे, हे ठरविण्याचा राष्ट्राचा अधिकार सर्वमान्य आहे आणि मुदत उलटूनही राहणाऱ्यांमुळे तपासणीची गरज निर्माण होते, हेही नाकारता येत नाही. तथापि भावी हेतूचा निर्णय गतकाळाच्या कागदांवरून करण्यात चुकीचा संभव नेहमीच राहतो. कारणे लेखी देणे व दुसऱ्या अधिकाऱ्याकडून तपासून घेण्याची सोय असणे, हे त्यावरील अल्पसे पण आवश्यक उपाय आहेत.

एकविसाव्या शतकात अर्ज स्वीकारण्याचे काम खाजगी संस्थांकडे सोपविले गेले. बोटांचे ठसे व चेहऱ्याची प्रतिमा यांच्या संगणकीय नोंदी सुरू झाल्या; शेंगेन देशांची परवाना-माहितीप्रणाली २०११ पासून, तर त्यांच्या सीमेवरील प्रवेश-निर्गमनाची संगणकीय नोंद ऑक्टोबर २०२५ पासून कार्यान्वित झाली. अ. सं. सं.ने २०१९ पासून अर्जदाराच्या समाजमाध्यमांवरील खात्यांची माहितीही मागण्यास प्रारंभ केला. अशा रीतीने अर्जदाराने निवडून दिलेल्या कागदांबरोबरच त्याच्याविषयी इतरत्र साठलेली माहितीही पुराव्यात समाविष्ट होऊ लागली आहे. १८८४ च्या प्रमाणपत्रात प्रवाशाची उंची, व्यवसाय व आर्थिक स्थिती नोंदविली जाई. साधने बदलली, तरी विचारला जाणारा प्रश्न तोच राहिला आहे. त्याचे उत्तर सर्वांना सारख्याच सुलभतेने देता येत नाही आणि ज्यांना ते देता येत नाही, त्यांत लबाडांपेक्षा कागद नसलेल्या प्रामाणिक माणसांची गणना वेगळी कशी करावयाची, ही या व्यवस्थेपुढील न सुटलेली अडचण होय.